पाहायला शिकवणारे जॉन रस्किन



या सत्राच्या सुरुवातीला काही पालक आम्हाला भेटायला कार्यालयात आले होते. त्यांची मुले नववीत आहेत. चित्रकलेचा तास बंद करावा आणि त्या जागी गणिताचा जादा तास घ्यावा, अशी त्यांची विनंती होती. त्यामागची काळजी आम्हाला समजते. आम्हीही पालक आहोत. त्या दिवशी आम्ही विचार करून सांगतो एवढेच म्हणालो. घरी गेल्यावर मात्र एका इंग्रज गृहस्थांची आठवण झाली. चित्र काढणे ही मोजक्या कलावंतांची नव्हे, तर अक्षरओळखीसारखी सर्वांच्या गरजेची गोष्ट आहे, असे मानणारे ते गृहस्थ होते. त्यांचे नाव जॉन रस्किन.

हे नाव आम्हाला प्रथम भेटले ते कॉलेजात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. गांधीजींची आत्मकथा आम्ही हिंदीतच वाचली. ज्या पुस्तकाने एका रात्रीत गांधीजींचे आयुष्य बदलले, त्याचे लेखक म्हणून रस्किन यांच्याविषयी मनात मोठा आदर निर्माण झाला. पुढे बऱ्याच वर्षांनी याच रस्किन यांनी भारताविषयी काय मत मांडले होते ते वाचनात आले आणि आम्ही दुखावलो. हे मुलांना सांगावे की नुसते चांगले तेवढे सांगावे, असा प्रश्न आम्हाला पडला. अखेर दोन्ही सांगायचे ठरवले, म्हणून हा लेख.

खेळण्यांविना बालपण

जॉन रस्किन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८१९ रोजी लंडनमध्ये झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक अपत्य. वडील मद्याचे मोठे व्यापारी होते आणि त्यांना चित्रांची आवड होती. आई अतिशय धार्मिक होत्या. मुलाने धर्मगुरू व्हावे ही त्यांची इच्छा. रोज सकाळी त्या मुलाकडून बायबल मोठ्याने वाचून घेत. पुस्तक संपले की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. कठीण नावे आली तरी ओळ गाळण्याची सोय नव्हती. पुढे रस्किन यांच्या लेखणीला जी लय आली तिचे श्रेय त्यांनी या वाचनालाच दिले.

घरात पैसा भरपूर, पण खेळणी जवळजवळ नाहीत. लहान असताना खेळायला किल्ल्यांचा एक जुडगा मिळे, पुढे एक गाडी, एक चेंडू आणि लाकडी ठोकळे. मग हे मूल दिवसभर करणार काय? ते गालिच्यावरचे चौकोन मोजत बसे, भिंतीवरच्या कागदातली नक्षी न्याहाळी. शेजारी कोणी मित्र नाही, शाळाही फारशी नाही. आजच्या दृष्टीने हे बालपण एकाकीच म्हणावे लागेल. पण एकाच गोष्टीकडे खूप वेळ पाहण्याची जी सवय लागली, ती त्यांची आयुष्यभराची शिदोरी ठरली.

वडील व्यापारासाठी गाडीतून गावोगावी फिरत, तेव्हा मुलगाही बरोबर असे. वाटेत श्रीमंतांच्या हवेल्यांतील चित्रे पाहायला मिळत. तेराव्या वाढदिवसाला वडिलांच्या भागीदाराने एक कवितेचे पुस्तक भेट दिले. त्यात टर्नर या चित्रकाराची छोटी छोटी चित्रे होती. कवितेपेक्षा मुलाला ती चित्रेच आवडली.

ऑक्सफर्डला शिकायला गेले तेव्हाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलगा कॉलेजात, तर आईनेही त्याच गावात भाड्याने जागा घेतली. रोज संध्याकाळी चहाला आईकडे जायचे, असा नियम होता. शनिवार-रविवारी वडीलही येत. आपल्याकडेही असे पालक आहेत, म्हणून फार हसायला नको!

टर्नर यांच्या बाजूने

टर्नर हे त्या काळचे नामांकित चित्रकार, पण म्हातारपणी त्यांची चित्रे धूसर, प्रकाशाने भरलेली होऊ लागली आणि समीक्षकांनी त्यांची टिंगल सुरू केली. १८३६ साली एका मासिकातील अशी टीका वाचून सतरा वर्षांचे रस्किन चिडले आणि त्यांनी उत्तर लिहून काढले. ते आधी टर्नर यांना दाखवले, तेव्हा त्यांनी ते छापू नये असे सुचवले. पण विषय रस्किन यांच्या मनातून गेला नाही. १८४३ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी 'मॉडर्न पेंटर्स' या ग्रंथाचा पहिला खंड काढला. लेखकाच्या नावाऐवजी ऑक्सफर्डचा एक पदवीधर एवढेच छापले होते. पाचवा आणि शेवटचा खंड निघाला १८६० साली.

या ग्रंथाची पद्धत मुलांनी समजून घेण्यासारखी आहे. टर्नर यांचा ढग खोटा आहे, असे टीकाकार म्हणत. रस्किन म्हणत, खरा ढग तुम्ही कधी नीट पाहिला आहे का? मग ते ढगांविषयी, खडकांविषयी, लाटांविषयी, झाडाची फांदी कशी फुटते याविषयी पाने भरून लिहीत. स्वतः डोंगर चढून, टिपणे करून, चित्रे काढून लिहीत. आधी पाहायचे आणि मगच मत द्यायचे, ही त्यांची शिकवण. टर्नर यांचे १८५१ मध्ये निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या हजारो रेखाटनांचे गठ्ठे सोडवून ते लावण्याचे काम पुढे रस्किन यांनीच लंडनच्या नॅशनल गॅलरीत बसून केले.

त्यानंतर व्हेनिस. तिथल्या जुन्या इमारती नष्ट होत चालल्या होत्या. रस्किन दोन हिवाळे तिथे राहिले. शिड्या लावून कमानी मोजल्या, वह्याच्या वह्या भरल्या. १८५१ ते १८५३ या काळात 'द स्टोन्स ऑफ व्हेनिस' तीन खंडांत निघाले. त्यात त्यांनी एक वेगळाच प्रश्न विचारला. हा दगड घडवणारा कारागीर कोण होता आणि काम करताना तो कसा जगत होता? जुन्या गॉथिक देवळांतील नक्षी ओबडधोबड असली तरी तिच्यात कारागिराची स्वतःची बुद्धी दिसते, आणि चुकायचीही त्याला मोकळीक होती, असे त्यांना वाटले. उलट कारखान्यातला मजूर दिवसभर एकच तुकडा तयार करतो. काचेचे मणी पाडणारे मजूर काचेच्या कांड्या दिवसभर तोडत बसतात, त्यांचे हात थरथरू लागतात, त्यात बुद्धीला काहीच काम नाही. असे मणी विकत घेणे म्हणजे गुलामगिरीला हातभार लावणे, असे त्यांनी लिहिले. कलेच्या पुस्तकात असे वाचायची इंग्लंडच्या श्रीमंतांना सवय नव्हती.

रस्किन नुसते लिहून थांबले नाहीत. १८५४ पासून लंडनमधील कामगारांच्या कॉलेजात ते चित्रकला शिकवू लागले. दिवसभर काम करून सुतार, छापखान्यातले लोक रात्री येत. रस्किन त्यांच्यापुढे एखादा दगड किंवा पान ठेवत. सुताराचा चित्रकार व्हावा हा हेतू नव्हता. त्याने सुतारच राहावे, पण अधिक पाहणारा, अधिक आनंदी सुतार व्हावे, एवढीच इच्छा होती.

संपत्ती म्हणजे काय

१८६० साली त्यांनी एका नव्या मासिकात अर्थशास्त्रावर लेख लिहायला सुरुवात केली. शीर्षक 'अन्टू धिस लास्ट', म्हणजे या शेवटच्यालाही. बायबलमध्ये एक दृष्टान्त आहे. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी आलेल्या मजुराला आणि अगदी संध्याकाळी आलेल्या मजुरालाही सारखीच मजुरी देतो. त्यावरून हे नाव.

लेखांचे सार असे. मजुरी ही मागणी-पुरवठ्याने नव्हे, न्यायाने ठरली पाहिजे. सैनिक देशासाठी प्राण देतो म्हणून त्याला मान आहे, तसे व्यापाऱ्याचेही कर्तव्य आहे. शुद्ध माल लोकांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम आणि त्यासाठी प्रसंगी नुकसान सोसायची त्याची तयारी हवी. देशाची संपत्ती तिजोरीत मोजायची नसते, तर किती माणसे निरोगी आणि समाधानाने जगतात यावरून मोजायची असते. वाचक इतके संतापले की संपादक थॅकरे, जे स्वतः मोठे कादंबरीकार, त्यांनी चार लेखांनंतर मालिका थांबवली. १८६२ मध्ये ते लेख पुस्तकरूपाने निघाले. प्रस्तावनेत रस्किन यांनी सरकारी खर्चाने शाळा, बेकारांना काम आणि वृद्ध-निराधारांना आधार या गोष्टी मागितल्या. तेव्हा हे वेडेपण वाटले. आज कोणत्याही सरकारला हे आपले काम नाही असे म्हणता येत नाही.

आपल्या विद्यालयातील कितीतरी विद्यार्थ्यांचे आजोबा इंदूरच्या कापड गिरण्यांत होते. गिरण्या बंद पडल्या आणि हक्काच्या पैशासाठी माणसांनी दशके वाट पाहिली. त्या घरांना हे पुस्तक समजावून सांगावे लागणार नाही.

लोक हसले ते उद्योग

१८६४ मध्ये वडील वारले आणि रस्किन यांच्या हाती एक लाख पौंडांहून अधिक संपत्ती आली. त्यांनी ती बहुतेक सगळी वाटून आणि खर्चून टाकली. लंडनमधील गरिबांची घरे विकत घेऊन ती नीट राखण्यासाठी ऑक्टेव्हिया हिल या बाईंच्या हाती सोपवली. गरीब वस्तीत चहाचे दुकान काढले. चहा शुद्ध, पुड्या लहान, म्हणजे गरिबालाही परवडेल. पण जाहिरात करायची नाही हा हट्ट, त्यामुळे दुकान चालले नाही. लंडनच्या एका भागातले रस्ते स्वच्छ राहावेत म्हणून त्यांनी पदरच्या पैशाने झाडूवाले नेमले. २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशात स्वच्छतेत पहिल्या आलेल्या आपल्या इंदुरात तरी या गोष्टीला कोणी हसणार नाही.

१८६९ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना कलेचे प्राध्यापक नेमले. व्याख्यानांना गर्दी मावत नसे. १८७४ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कुदळ-फावडी दिली आणि जवळच्या हिंक्सी गावचा खराब रस्ता बांधायला लावला. नदीवर होड्या चालवून ताकद वाया घालवता, त्यापेक्षा कोणाच्या उपयोगी पडा, असा विचार. पुढे नाटककार म्हणून गाजलेले ऑस्कर वाइल्डही त्यांत होते. रस्ता काही चांगला झाला नाही आणि लोक गंमत पाहायला जमत. पण त्यांच्यातल्या अर्नोल्ड टॉयन्बी या तरुणाने पुढे कामगारांसाठी जे काम केले, त्याची मुळे इथेच होती असे म्हणायला हरकत नाही.

रेल्वेचा त्यांना राग. १८७६ मध्ये खास घोडागाडी बनवून घेऊन ते लंडनहून दूर उत्तरेला कोनिस्टन सरोवराकाठच्या आपल्या घरी गेले. हे ब्रॅन्टवुड नावाचे घर त्यांनी न पाहताच विकत घेतले होते. त्या भागात १८८३ च्या सुमारास त्यांच्या प्रेरणेने हातसुताचा उद्योग पुन्हा सुरू झाला आणि घरोघरी चरखे फिरू लागले. १८७१ पासून ते कामगारांना दरमहा छापील पत्रे लिहीत. त्याच वर्षी त्यांनी 'गिल्ड ऑफ सेंट जॉर्ज' ही संस्था सुरू केली. शेफील्डच्या पोलाद कामगारांसाठी या संस्थेने १८७५ साली लहानसे संग्रहालय उघडले. ही संस्था आजही आहे.

१८८४ मध्ये त्यांनी व्याख्यानात सांगितले की आकाश बदलले आहे, एक काळपट, घाणेरडा ढग सूर्याला झाकतो आहे. पन्नास वर्षांच्या हवामानाच्या नोंदी त्यांच्याजवळ होत्या. तोपर्यंत त्यांना मनाच्या आजाराचे झटके येऊन गेले होते, त्यामुळे लोकांनी हे बोलणेही आजारातच जमा केले. त्यांच्या मनातली निराशा त्या व्याख्यानात उतरली असेलही. पण कारखान्यांच्या धुराने हवा बिघडते, हे आता चौथीच्या मुलालाही ठाऊक आहे.

जिथे ते चुकले

आता दुसरी बाजू. १८५७ च्या उठावाच्या बातम्यांनी इंग्लंड संतापलेले होते. १ जुलैला आपल्या इंदूरच्या रेसिडेन्सीवरही हल्ला झाला होता. जानेवारी १८५८ मध्ये रस्किन लंडनमध्ये व्याख्यानाला उभे राहिले. भारतीयांची रंगांची आणि नक्षीची जाण सूक्ष्म आहे हे त्यांनी मान्य केले. पण भारतीय कला खरे फूल, खरा प्राणी, खरा माणूस काढतच नाही, निसर्गाकडे पाठ फिरवते, असे ते म्हणाले, आणि त्याचा संबंध त्यांनी इथल्या लोकांच्या तथाकथित क्रूरतेशी जोडला. झाशीला आणि ग्वाल्हेरला जे घडायचे होते ते अजून घडायचे होते. इंग्रजांनी केलेल्या क्रूरतेचा हिशोब मात्र त्या व्याख्यानाने मांडला नाही.

हे मत धडधडीत चुकीचे होते. रस्किन जन्मले त्याच वर्षी, एप्रिल १८१९ मध्ये, एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस अजिंठ्याची लेणी पडली होती. तिथली कमळे, हंस, हत्ती आणि माणसांचे चेहरे ज्याने पाहिले आहेत तो असे बोलणार नाही. रॉबर्ट गिल हे अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. त्या नकला लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. रस्किन यांचे घरही दक्षिण लंडनमध्येच होते. पण भारतात ते कधी आले नाहीत. एका पानाचे चित्र काढायला तासन्‌तास बसणाऱ्या माणसाने एका अख्ख्या देशावर दुरूनच निकाल दिला.

ही एकच चूक नव्हे. १८६५ मध्ये जमैकात गव्हर्नर आयर यांनी उठाव मोडताना शेकडो काळ्या लोकांचे जीव घेतले, तेव्हा रस्किन आयर यांच्या बाजूने उभे राहिले. मजुराची कणव असलेल्या माणसाला साम्राज्याखाली भरडलेला माणूस दिसला नाही. घरातही त्यांचे असेच. १८४८ मध्ये झालेले त्यांचे लग्न १८५४ मध्ये रद्द ठरले, आणि त्या सहा वर्षांत पत्नीची घुसमटच झाली.

१८७७ मध्ये व्हिस्लर या चित्रकाराचे रात्रीच्या आतषबाजीचे चित्र प्रदर्शनात लागले. रस्किन यांनी त्यावर इतके कठोर लिहिले की व्हिस्लर यांनी अब्रूनुकसानीचा दावा केला. १८७८ मध्ये निकाल व्हिस्लर यांच्या बाजूने लागला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! खटल्याच्या खर्चाने व्हिस्लर यांचे दिवाळे निघाले. ते चित्र आज अमेरिकेत डेट्रॉइटच्या संग्रहालयात मानाने लावलेले आहे. सतराव्या वर्षी ज्यांनी टर्नर यांची टिंगल करणाऱ्यांवर लेखणी उचलली, तेच म्हातारपणी एका नव्या चित्रकाराची टिंगल करून बसले. आम्हा शिक्षकांना हा प्रसंग फार विचार करायला लावतो.

गांधीजींच्या हाती

अखेरची सुमारे दहा वर्षे रस्किन जवळजवळ काहीच लिहीत-बोलत नव्हते. २० जानेवारी १९०० रोजी कोनिस्टनला त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांना जागा देऊ केली होती, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे गावच्या स्मशानातच त्यांना पुरले.

त्यानंतर चार वर्षांनी, १९०४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत गांधीजी जोहान्सबर्गहून दरबानला निघाले होते. स्टेशनवर पोलॉक या मित्राने प्रवासात वाचायला 'अन्टू धिस लास्ट' दिले. चोवीस तासांचा प्रवास होता. पुस्तक हातातून सुटेना आणि रात्री झोप लागेना. सर्वांच्या भल्यातच आपले भले आहे, वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाची किंमत सारखीच आहे, शेतकऱ्याचे आणि कारागिराचे कष्टाचे जीवन हेच खरे जीवन, हा अर्थ त्यांनी त्यातून घेतला आणि लगेच अंमलात आणायचे ठरवले. त्याच वर्षी दरबानजवळ शंभर एकर जमिनीवर फिनिक्स वसाहत उभी राहिली. १९०८ मध्ये गांधीजींनी पुस्तकाचा सार गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिले 'सर्वोदय'.

तो शब्द पुढे आपल्या विनोबांनी उचलला. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेले, बडोद्यात शिकलेले विनोबा १९५१ पासून भूदानासाठी देशभर पायी फिरले, आणि १९६० साली इंदूरलाही येऊन राहिले.

ज्यांनी भारताला ओळखले नाही त्यांच्या पुस्तकातून भारताला सर्वोदय मिळाला. गांधीजींनी त्यातले घेण्यासारखे घेतले, आणि साम्राज्याची बाजू घेणारे रस्किन सोडून दिले. आम्हाला वाटते, मोठ्या माणसांना वाचण्याची हीच रीत बरी. त्यांना देव्हाऱ्यात बसवू नये आणि एका चुकीसाठी रस्त्यावरही फेकू नये. रस्किन यांचीच कसोटी रस्किन यांना लावावी. जिथे त्यांनी नीट पाहिले तिथे ते बरोबर होते, आणि जिथे न पाहता बोलले तिथे चुकले.

आता त्या पालकांना उत्तर. चित्रकलेचा तास बंद होणार नाही. गणिताचा जादा तास बुधवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर होईल, आणि तो आम्ही स्वतः घेऊ. पाचवी ते नववीच्या विद्यार्थ्यांनी पुढील सोमवारी चित्रकलेच्या वहीबरोबर पिंपळाचे एक पान आणावे. मैदानात पडलेलेच आणावे, तोडू नये. प्रत्येक शीर कुठून निघते ते पाहावे, मगच पेन्सिल उचलावी. ज्यांना पाहायचे असेल त्या पालकांनी आणि विश्वस्तांनीही वर्गात येऊन बसावे. वही आणली तर आणखी उत्तम.